शोकाचा दाखला

१९९४ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. मुंबईच्या एका उपनगरातील महाविद्यालयात मी इतिहास शिकवीत होतो. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी एक निबंध लिहून आणावयास सांगितला होता. त्याला दहा गुण होते आणि शुक्रवार ही अखेरची तारीख होती. शुक्रवारी ज्यांचे निबंध आले नाहीत, त्यांत वसईहून रोज लोकलने येणारा एक विद्यार्थी होता. सोमवारी तास सुरू होण्यापूर्वी तो माझ्या टेबलापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, बुधवारी माझी आजी वारली. म्हणून निबंध राहिला."

वर्ग भरलेला होता. त्या सत्रात आजी-आजोबांच्या निधनाची ही चौथी सबब मी ऐकत होतो. आदल्याच महिन्यात एका विद्यार्थ्याच्या आजोबांबद्दल मी मनापासून हळहळ व्यक्त केली होती आणि नंतर तेच आजोबा फी भरण्याच्या खिडकीपाशी धडधाकट उभे असलेले माझ्या दृष्टीस पडले होते. तो राग मनात होताच. मी मोठ्याने म्हणालो, "या वर्गातल्या आज्यांना माझ्या निबंधाची एवढी धास्ती का वाटते, कळत नाही!" वर्ग खो खो हसला. हसे ओसरल्यावर मी त्याला सांगितले, "मृत्यूचा दाखला घेऊन ये. मग पाहू."

तो हसला नाही आणि रागावलाही नाही. "बरं, सर" एवढेच म्हणून तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पंधरवडा उलटल्यावर एके दिवशी तो प्राध्यापकांच्या खोलीत आला आणि त्याने माझ्यापुढे एक पाकीट ठेवले. त्यात पूर्ण केलेला निबंध होता, ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा मृत्यूचा दाखला होता आणि एक छायाचित्र होते. पांढऱ्या पोशाखात, हाती मेणबत्ती घेतलेला सात-आठ वर्षांचा मुलगा आणि त्याच्या शेजारी लाल लुगड्यातील एक वृद्ध स्त्री. त्याच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीचा तो फोटो होता.

"सर, दाखल्यावरचं आडनाव वेगळं दिसेल," तो म्हणाला. "ती माझ्या आईची आई. म्हणून हा फोटो आणलाय. तेवढा परत द्याल का? घरात तिचा दुसरा चांगला फोटो नाही."

मी फोटो तत्काळ परत केला, निबंध वाचला आणि योग्य ते गुण दिले. नियमाच्या दृष्टीने सारे काही यथासांग पार पडले होते. परंतु त्या वर्षभरात त्या मुलाने मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. मी दाखला मागितला होता. मला पुढे काय शंका येईल याचा आधीच विचार करून, आजीशी असलेल्या नात्याचाही पुरावा त्याने घरातून शोधून आणला होता. एका सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या दुःखाची अशी फाईल तयार करावयास मी लावले होते. त्या गोष्टीला आता तीस वर्षे होऊन गेली. मी सेवानिवृत्तही झालो. पण तेव्हा मनात उभा राहिलेला प्रश्न अद्याप माझी पाठ सोडीत नाही. शोकग्रस्त माणसाकडे त्याच्या शोकाचा पुरावा मागण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? असल्यास तो कोठवर आहे?

प्रथम माझ्या बाजूने जे बोलता येईल ते बोलून टाकतो. मरण ही सबब म्हणून वापरली जाते, ही गोष्ट शिक्षकांना काल्पनिक वाटत नाही. तो त्यांचा जगभरचा अनुभव आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात जीवशास्त्र शिकविणाऱ्या माइक अ‍ॅडम्स या प्राध्यापकाने १९९० साली या विषयावर एक विनोदी लेख लिहिला. परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांच्या आज्या पटापट मरू लागतात, असा त्याचा आशय होता. लेख शोधनिबंधाच्या थाटात लिहिलेला असला तरी ती निव्वळ थट्टा होती. मात्र ती वाचून हसलेल्या प्रत्येक शिक्षकाला आपापला वर्ग आठवला असेल. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतही हाच विनोद निराळ्या शब्दांत रोज होत असे.

थट्टा बाजूला ठेवली तरी न्यायाचा प्रश्न उरतोच. त्याच वर्गात एक मुलगी होती. सकाळी चार घरची भांडी घासून ती कॉलेजात येई आणि तरीही तिने निबंध वेळेवर दिला होता. खोटे बोलणाऱ्याला मी आठ दिवस अधिक दिले, तर ते मी तिच्याच हक्कातून काढून दिले असे होत नाही काय? शिक्षकाची दया ही शिक्षकाच्या खिशातून खर्च होत नाही. पुष्कळदा ती प्रामाणिक विद्यार्थ्याच्या खिशातून होते. म्हणून "मुलांवर विश्वास ठेवा, पुरावा कसला मागता?" एवढे भाबडेपणाने म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही. एका बाजूला न्याय आहे आणि दुसऱ्या बाजूला प्रीती आहे. ख्रिस्ती माणसाला यांपैकी एकीलाही घराबाहेर काढता येत नाही.

मग ज्या दाखल्याने न्यायाची तहान भागते असे आपण मानतो, तो दाखला नेमके काय सिद्ध करतो ते पाहू. आपल्या देशात मृत्यूची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार होते. मृत्यू घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने आणि रुग्णालयात झाला तर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने निबंधकाला खबर द्यावी, असे हा कायदा सांगतो. आज त्यासाठी एकवीस दिवसांची मुदत आहे. दाखल्यावर मृताचे नाव, मृत्यूची तारीख व ठिकाण, आईवडिलांचे किंवा पतीचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक एवढा मजकूर असतो. नातवाचे नाव त्यावर कोठेही नसते. म्हणजे अमुक नावाची एक स्त्री अमुक दिवशी मरण पावली एवढेच त्या कागदाने कळते. ती या मुलाची कोण होती, हे त्यातून कळत नाही. आईच्या आईचे आडनाव तर निराळेच असायचे. ती अडचण माझ्या लक्षात आली नव्हती, त्या मुलाच्या मात्र आली होती.

आणखी पुढे जाऊन पाहा. नाते सिद्ध झाले तरी शोक सिद्ध होत नाही. रजेच्या नियमांत 'जवळचे नातेवाईक' असा एक शब्दप्रयोग असतो आणि त्यात आई, वडील, पती, पत्नी, अपत्ये यांची गणना होते. परंतु जिच्या मांडीवर आपण वाढलो ती शेजारची म्हातारी, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला हातावर घेतलेली धर्ममाता, लग्न न करता भावाच्या मुलांसाठी आयुष्य वेचलेली आत्या, यांच्यासाठी त्या यादीत रकाना नसतो. उलट, ज्याचे तोंडही वर्षानुवर्षे पाहिले नाही अशा सख्ख्या काकाच्या मरणाचा दाखला सहज मिळतो आणि त्यावर रजाही मंजूर होते. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपल्या भाषेत म्हणतात. दाखला देणाऱ्या कारकुनाला ते कळण्याचे कारण नाही आणि तसा त्याचा दावाही नसतो. दावा असतो तो दाखला मागणाऱ्याचा.

पुरावा खोटेही बोलू शकतो, याचे उदाहरण पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात आहे. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात योसेफाचे भाऊ त्याला विकून टाकतात, एक बकरा मारून त्याचा झगा रक्तात बुडवितात आणि तो बापापुढे आणून ठेवतात. हा तुमच्या मुलाचा झगा आहे की नाही ते ओळखा, असे ते विचारतात. योसेफ मेला असे त्यांनी तोंडाने सांगितले नाही, त्यांनी केवळ पुरावा सादर केला. याकोबाने तो ओळखला, मान्य केला आणि जिवंत मुलासाठी पुष्कळ दिवस शोक केला. सारी इस्राएलाची कथा पुढे ज्या वळणावर गेली, त्या वळणाच्या मुळाशी मृत्यूचा असा एक बनावट दाखला आहे. पुराव्याने सत्य मिळतेच असे नाही आणि खोटे बोलण्याचा निश्चय केलेल्या माणसाला झगा आणि बकरा या दोन्ही वस्तू सापडतात. कागदाची अट घातली की चतुर लबाड तरून जातो. अडकतो तो मयताच्या धावपळीत कागद गोळा करावयास विसरलेला साधा माणूस.

मग आपण एकमेकांवर विश्वास तरी कशाच्या आधारावर ठेवायचा? संत ऑगस्टीनने इ. स. ३९१ च्या सुमारास विश्वासाच्या उपयुक्ततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो एक साधी गोष्ट दाखवून देतो. आपला पिता कोण हे आपल्यापैकी कोणीही स्वतः पाहिलेले नाही, ते आपण आईच्या शब्दावर मानले आहे. पुराव्यावाचून काहीच मानायचे नाही असे ठरविले, तर मुलांनी आईबापांची सेवा करण्याचाही आधार उरणार नाही. म्हणजे ज्या आजीच्या मृत्यूचा मी पुरावा मागत होतो, ती त्याची आजी आहे हे मुळात त्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शब्दावर मानलेले होते. दाखल्याच्या तळाशी खणत गेले की शेवटी कोणाचा तरी शब्दच लागतो. निबंधकाच्या वहीतील नोंददेखील कोणीतरी येऊन सांगितलेल्या शब्दावरच झालेली असते.

संत थॉमस अक्वायनसने हाच विचार समाजाला लावला. माणसे एकमेकांना सत्य सांगत आहेत असे परस्परांनी मानल्यावाचून त्यांना एकत्र राहताच येणार नाही, असे तो म्हणतो. त्याच्या 'सुम्मा'मध्ये संशयाविषयी एक स्वतंत्र प्रश्न आहे: शंकास्पद गोष्टीचा अर्थ दुसऱ्याच्या बाजूने लावावा काय? तेथे तो एक हिशेब मांडतो आणि तो मला शिक्षकाच्या नोकरीत फार उशिरा वाचावयास मिळाला. वाईट माणसाला चांगले समजून आपण वारंवार फसलो, तरी ते चांगल्या माणसाला वाईट समजून क्वचित चुकण्यापेक्षा बरे. कारण दुसऱ्या चुकीत एका माणसावर अन्याय होतो, पहिलीत तसा होत नाही. मी तीन सबबी मोजून चौथ्याला लबाड ठरविण्याची जी रीत स्वीकारली होती, ती या हिशेबाने उलटी ठरते.

याच परंपरेत संत इग्नेशियसने आपल्या 'आध्यात्मिक साधना'च्या आरंभी एक सूचना घातली आहे. प्रत्येक ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्याचे बोलणे दोषी ठरविण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्यास अधिक तत्पर असावे, अशी ती सूचना आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने आठव्या आज्ञेचे विवरण करताना ती आवर्जून उद्‌धृत केली. आठवी आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणतो: खोटी साक्ष देऊ नको. ही आज्ञा बोलणाऱ्यासाठी आहे असेच आपल्याला वाटते. ख्रिस्तसभा मात्र ती ऐकणाऱ्यालाही लावते. पुरेशा कारणावाचून शेजाऱ्याला मनातल्या मनात खोटा ठरविणे, हेदेखील त्याच आज्ञेचे उल्लंघन आहे. त्या सोमवारी वर्गात आठवी आज्ञा मोडली गेली होती आणि ती त्या मुलाने मोडली नव्हती.

येथे एखादा वाचक विचारील, की मग ख्रिस्तसभा स्वतः पुरावा मागत नाही काय? मागते, आणि मृत्यूचाच मागते. १९८३ च्या धर्मसभा-कायद्याने दफनानंतर मृतांच्या नोंदवहीत नोंद करण्यास सांगितले आहे. त्याच कायद्याचा १७०७ वा नियम तर अधिक कडक आहे. पतीच्या मृत्यूचा अधिकृत कागद उपलब्ध नसेल, तर बिशपांनी मृत्यूचे अनुमान जाहीर केल्याखेरीज पत्नीला पुन्हा विवाह करता येत नाही. तो दीर्घकाळ बेपत्ता आहे एवढे कारण पुरेसे ठरत नाही. समुद्रावर गेलेला नवरा परतला नाही आणि दहा वर्षे वाट पाहिलेल्या स्त्रीकडे पुरावा मागितला, हे वरवर पाहता निष्ठुर वाटेल. परंतु नवरा जिवंत असेल तर त्याचा हक्क आणि विवाह-संस्काराचे पावित्र्य दोन्ही पणास लागलेले असतात. जेथे तिसऱ्याचा एवढा मोठा हक्क गुंतलेला आहे, तेथे पुरावा मागणे हा अविश्वास नव्हे, ती राखण आहे. आणि याच नियमात लक्षात ठेवण्याजोगी दुसरीही एक गोष्ट आहे. कागद नसेल तेव्हा साक्षीदारांचे जबाब, लोकांतील बोलवा आणि परिस्थितीच्या खुणा यांवरून बिशपांनी नैतिक निश्चितीला पोहोचावे, असे तो सांगतो. विवाहासारख्या गंभीर विषयातही ख्रिस्तसभा कागदापाशीच थांबत नाही. ती माणसांना विचारते. दहा गुणांच्या निबंधासाठी मी मात्र कागदापाशी थांबलो होतो.

अलीकडच्या काळात हा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला होता. कोविडच्या साथीत गेलेल्यांच्या कुटुंबांना पन्नास हजार रुपयांचे साहाय्य द्यावयाचे ठरले. त्या वेळी कित्येकांच्या मृत्यूच्या कागदांत कोविडचा उल्लेखच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की केवळ त्या कारणावरून कोणत्याही राज्याने साहाय्य नाकारू नये. पुढे काही ठिकाणी बनावट दावे झाल्याचे आढळले, तेव्हा मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतील शेकडा पाच दाव्यांची पडताळणी करण्यास न्यायालयाने परवानगी दिली. यातील क्रम मला बोधप्रद वाटतो. आधी विश्वास, मग मोजकी तपासणी. काही लबाड निघाले म्हणून सर्व शोकग्रस्तांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले नाही.

आपल्या गावात हा प्रश्न का उद्भवत नव्हता, याचाही विचार केला पाहिजे. माझ्या लहानपणी गावात कोणी गेले की चर्चची घंटा विशिष्ट संथ ठेक्यात वाजे. शेतातला माणूस हातातले काम थांबवून क्रुसाची खूण करी आणि कोणाच्या घरचे म्हणून विचारी. संध्याकाळपर्यंत सारा धर्मग्राम त्या अंगणात जमलेला असे. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी त्या घरच्या मुलाला काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मास्तर स्वतः दफनविधीला उभे होते. हिंदू घरातील मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर मुंडन करून वर्गात येई. आपल्याकडे काळा पोशाख किंवा दंडावर काळी फीत असे. या खुणा पाहून लोक आपोआप आवाज खाली आणीत. दुःखी माणसाला एकही शब्द बोलावा न लागता त्याचे दुःख सर्वांना ठाऊक होत असे.

शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात ही घंटा ऐकू येत नाही. शिक्षक मुलाला ओळखत नाही, मूल शिक्षकाला ओळखत नाही आणि दोघांच्या मध्ये एक हजेरीपट असतो. ओळख जेथे संपते तेथे कागद सुरू होतो. यात कागदाचा दोष नाही. मोठ्या संस्था ओळखीवर चालत नाहीत, हे मी जाणतो. पण एवढे तरी आपण ध्यानी घ्यावे, की कागद मागताना आपण आपल्याच ओळखीच्या अभावाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करीत असतो आणि तीही नेमक्या त्या आठवड्यात, ज्या आठवड्यात ती देण्याचे बळ त्याच्यापाशी सर्वांत कमी असते.

शुभवर्तमानात आपल्या प्रभूने एका माणसाला अशाच प्रसंगी कठोर उत्तर दिल्याचे अनेकांना आठवेल. 'आधी मला माझ्या बापाला पुरू द्या', असे म्हणणाऱ्या त्या माणसाला प्रभूने सवड दिली नाही. संत लूकने नोंदविलेले ते उत्तर आजही आपल्याला हलवून सोडते. तेथे देवराज्याची हाक सर्व कर्तव्यांहून मोठी असल्याचे प्रभूला सांगावयाचे होते. परंतु त्या माणसाचा बाप खरोखर मेला आहे काय, असे मात्र प्रभूने विचारले नाही. तोच प्रभू नाईन गावच्या वेशीवर विधवेची हकिकत न विचारता पुढे झाला आणि लाजरसच्या कबरेपाशी, आता आपण त्याला उठविणार आहोत हे ठाऊक असूनही, रडला.

या अनुभवानंतर मी माझ्या वर्गापुरती एक पद्धत ठरविली आणि निवृत्तीपर्यंत पाळली. प्रत्येक निबंधासाठी दोन तारखा. पहिल्या तारखेला ज्याला देता आला नाही त्याने दुसऱ्या तारखेला द्यावा. कारण कोणालाही विचारले जाणार नाही. वर ज्या मुलीचा उल्लेख केला तिलाही ती सवलत, आळशालाही तीच आणि शोकग्रस्तालाही तीच. थॉमस अक्वायनसने याच ठिकाणी एक बारीक भेद केला आहे. व्यवस्था करताना लोक चुकतील असे गृहीत धरण्यास हरकत नाही, माणसाचा न्याय करताना मात्र तसे धरू नये. दोन तारखांनी माझी व्यवस्था सावध झाली आणि जीभ सावरली. परीक्षेसारख्या ज्या गोष्टींत मला अधिकार नव्हता, तेथे कार्यालय कागद मागत असे. तेव्हा मी मुलाला आधी बाजूला घेऊन, कोण गेले, कसे गेले, घरी आता कोण आहे, हे विचारीत असे आणि कागदाचे नंतर, सवडीने, एकट्यात सांगत असे. पुष्कळदा त्या प्रश्नांच्या उत्तरातच सारे कळून येई. खोटे बोलणारा दुसऱ्या प्रश्नाला अडखळत असे, आणि खरे बोलणारा बहुधा रडत असे. काही वेळा मी फसलोही असेन. त्याबद्दल मला खंत नाही. फसण्याची थोडी झळ शिक्षकाने सोसावी, ती शोकग्रस्त मुलावर टाकू नये.

मात्र या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या घरांत आहे आणि तिच्याविषयी न बोलता हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. लग्नाला जाण्यासाठी मुलाने शाळा बुडविली की 'ताप आला होता' अशी चिठ्ठी कोण लिहून देते? कामावरून रजा मिळत नाही म्हणून दूरचा काका 'वारला' असे साहेबांना कोण सांगते? आपणच. आणि त्या वेळी मूल शेजारी उभे राहून ऐकत असते. कोणाचेच नुकसान झाले नाही, असे आपण स्वतःला समजावतो. नुकसान झालेले असते, पण ते लगेच दिसत नाही. विश्वास ही गावच्या विहिरीसारखी सर्वांच्या मालकीची वस्तू आहे. एकाने तिच्यात घाण टाकली, तर पाणी दुसऱ्याच्या घागरीत खराब येते. फी भरण्याच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या आजोबांच्या नातवाने जे खोटे सांगितले, त्याची शिक्षा त्याला झालीच नाही. ती लाल लुगड्यातील आजीच्या नातवाला भोगावी लागली. जो मरणाची खोटी सबब सांगतो, तो पुढे येणाऱ्या खऱ्या शोकग्रस्ताचा विश्वासाचा वाटा आधीच खर्च करून टाकतो. आपल्या मुलांना आपण हे सांगितले पाहिजे आणि सांगण्यापूर्वी स्वतः पाळले पाहिजे. 'होय' ते होय आणि 'नाही' ते नाही असे बोला, असे प्रभू जे म्हणाला त्यात हेही आले. ज्या घरातील माणसांचा शब्द खरा असतो, त्या घराला दाखल्यांची गरज कमी पडते.

आपली आई संत मोनिका ओस्तिया येथे ३८७ साली वारली त्या दिवसाविषयी ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाबां'त लिहिले आहे. दफनविधीच्या वेळी त्याने डोळ्यांतून पाणी येऊ दिले नाही. त्याला पाहून लोकांना वाटले की याला दुःखच झाले नाही. पुढे रात्री एकटा पडल्यावर, जेथे केवळ परमेश्वर ऐकत होता तेथे, त्याचे अश्रू मोकळे झाले. त्या दिवशी त्याच्याकडे शोकाचा पुरावा मागितला असता, तर त्याला काहीही दाखविता आले नसते.

दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण दफनभूमीत जातो आणि आपापल्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. मी आईवडिलांच्या कबरीपाशी प्रार्थना संपविली की एका अनोळखी स्त्रीसाठी एक मेणबत्ती लावतो. तिची कबर दुसऱ्या धर्मग्रामात आहे आणि तिचे नाव मी दाखल्यावर एकदाच वाचले होते. तिच्या नातवाला मी पुढे कधी भेटलो नाही. फोटो मी त्याला परत केला. वर्गाचे ते हसणे परत घेणे माझ्या हाती नव्हते.